एकोणनव्वदाव्या पानावरचा माणूस

दर जुलैमध्ये कृष्णमूर्ति राव भारतीच्या झेरॉक्सच्या दुकानात जात आणि एका कोरियन कंपनीचा दीडशे पानांचा अहवाल छापून घेत. कंपनी सर्वो मोटरी आणि कारखान्यांत लागणारे रोबोटचे हात बनवायची. कृष्णमूर्तींचा मोटरींशी किंवा रोबोटांशी काडीचा संबंध नव्हता. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या पाण्याची उंची मोजली होती. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आणि पूर आला की तासातासाला. निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली होती. अहवाल ते वाचत, कारण तो त्यांच्या मुलीच्या हातचा असे.

सगळा तिच्या हातचा नव्हता, हे जननीनं त्यांना पुष्कळदा सांगितलं होतं. चांगवॉन शहरातल्या त्या कंपनीत चार जणांचा एक छोटा विभाग होता. पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन बाबतींत कंपनी कशी वागते, कुठे चुकू शकते, चुकू नये म्हणून काय करते, हे वर्षातून एकदा जगासमोर मांडायचं, एवढंच त्या विभागाचं काम. युरोपातली गिऱ्हाइकं हल्ली माल घेण्याआधी हा अहवाल मागत. त्यातले पाण्याचे आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे तक्ते जननीकडे होते, आणि सबंध इंग्रजी आवृत्तीवरून शेवटचा हात तीच फिरवायची.

कृष्णमूर्तींना ती त्या पानांत दिसे. कंपनीची वाक्यं लांबलचक असत. एका वाक्यात तीन वेळा दम घ्यावा लागे. आणि मधेच एखादं छोटं, सरळ वाक्य येई: 'यंदा पाणी जास्त लागलं. उन्हाळा लांबला.' ही जननी. शाळेत असताना ती निबंधही असेच लिही आणि तिचे मास्तर वाक्यं जोडायला सांगत. अशा प्रत्येक वाक्याशेजारी कृष्णमूर्ति पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्यायचे. गेल्या वर्षीच्या पुस्तकात एकशे बारा ठिपके होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको महालक्ष्मी गेली. जननी तेरा दिवस राहिली आणि परतली. त्यानंतर तिचं येणं झालं नव्हतं. एकदा व्हिसाचं काम निघालं, एकदा तिची बदली त्या विभागात झाली, एकदा अहवालच लांबला. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, तिच्याकडच्या रात्री दहाला, तिचा फोन येई. महालक्ष्मी होती तोवर बोलायचं काम तिचं असे. कृष्णमूर्ति मागे खुर्चीत बसून ऐकत आणि अधूनमधून हुंकार देत. आता बोलायचं काम त्यांच्यावर आलं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या घरच्या तंजावरी मराठीत जेवण जालं का, थंडी आहे का, नदीला पाणी किती, आत्या कशी आहे, एवढं झालं की दोघं गप्प होत. चार मिनिटं, फार तर पाच. फोन ठेवल्यावर त्यांना दहा गोष्टी आठवत. त्या ते बुधवारसाठी जपून ठेवत, आणि बुधवारी त्या बोलण्याजोग्या वाटत नसत.

यंदा मात्र ती येणार होती. तीस जुलैला तिरुचीपर्यंतचं तिकीट काढून झालं होतं. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीला नवं पाणी आल्याचा सण, तिला घरी मिळणार होता. महालक्ष्मी त्या दिवशी पाच प्रकारचे भात करून सगळ्यांना कावेरीच्या पायऱ्यांवर नेऊन जेवू घालायची. यंदा भात करायचं कृष्णमूर्तींच्या धाकट्या बहिणीनं, विशालाक्षीनं, स्वतःहून अंगावर घेतलं होतं. ती पापनाशमला राहायची. जूनपासूनच दर दोन दिवसांनी तिचा फोन येई. चिंचेचा भात जननीला तिखट लागतो की बेताचा? ताकात मुरवून वाळवलेल्या मोरमिरच्या ती परत जाताना नेईल का? कृष्णमूर्तींनी मागच्या खोलीच्या खिडकीची जाळी बदलून घेतली, नवी गादी आणली, आणि ती नवी दिसू नये म्हणून आठवडाभर स्वतः तिच्यावर झोपले.

अहवाल जूनच्या अखेरीस कंपनीच्या संकेतस्थळावर आला. भारतीनं तो छापून, कड्यांत बांधून दिला. मुलगी येणार ना, मग यंदा वाचायची घाई कशाला, तिच्याकडूनच ऐका, असं ती तमिळमध्ये म्हणाली. कृष्णमूर्ति हसले. पण त्यांना घाई होती. ती येईल तेव्हा तिच्याशी बोलायला काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतं.

म्हणून या वेळी त्यांनी निराळी पद्धत धरली. गेल्या वर्षीचं पुस्तक डावीकडे, नवं उजवीकडे. प्रत्येक तक्त्यात तीन-तीन वर्षांचे रकाने असत, त्यामुळे मधली दोन वर्षं दोन्ही पुस्तकांत येत. कोणता आकडा किती चढला, किती उतरला, ते पाहावं आणि जननीला विचारावं, एवढाच बेत होता. पाण्याच्या तक्त्यात सगळं जुळलं. सुरक्षिततेच्या तक्त्यात, एकोणनव्वदाव्या पानावर, ते थांबले. 'ठेकेदारांचे कामगार, गंभीर दुखापती' अशी एक ओळ होती. सन दोन हजार तेवीसच्या रकान्यात एक असा आकडा होता. गेल्या वर्षीच्या पुस्तकात त्याच वर्षाच्या रकान्यात दोन होते.

त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही पानं खिडकीशी नेली. मग दुकानात जाऊन भारतीला दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला लावले. तिनंही दोन आणि एकच वाचले. पानाच्या तळाशी कसलीही टीप नव्हती.

रविवारी फोन आला तेव्हा नेहमीचे प्रश्न त्यांनी भराभर उरकले. विचारायला काहीतरी सापडल्याचा आनंद त्यांना लपवता येईना.

"जननी, एक विचारूं?"

"विचारा की, अप्पा."

"एकोणनव्वदाव्या पानावर तेवीस सालच्या रकान्यांत एक दुखापत आहे. गेल्या वर्षीच्या पुस्तकांत तेथेंच दोन आहेत. एक कोठे गेली?"

पलीकडे काही वाजत होतं, बहुधा पंखा किंवा धुण्याचं यंत्र. ते ऐकू येत राहिलं. जननीनं पान पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली की पाहून सांगते. मग तिनं उगीचच विशालाक्षीआत्याची, खिडकीच्या जाळीची, कावेरीवरच्या मेट्टूर धरणाची चौकशी केली. फोन अकरा मिनिटं चालला. त्या संध्याकाळी कृष्णमूर्ति गावातल्या महामहम तळ्याभोवती नेहमीपेक्षा एक फेरी जास्त फिरले.

बुधवारी फोन आला नाही. काम आहे, असा दोन शब्दांचा निरोप आला. शनिवारीही काही नाही. रविवारी तिनं भर दुपारी फोन केला. तिचा आवाज बसलेला होता. मग जे सांगायचं ते तिनं एका दमात सांगितलं.

त्या माणसाचं नाव बेक. पन्नाशी ओलांडलेला. रोबोटचे हात बांधून झाले की ते एका काचेच्या खोलीत चालवून पाहत. ती खोली झाडायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि बेक त्या ठेकेदाराकडे कामाला होता. जननी नवी होती तेव्हा उपाहारगृहात कुठल्या सारात मासळी आहे ते तो तिला दुरूनच हातानं खुणावून सांगायचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती तेव्हाची ही ओळख. तेवीसच्या हिवाळ्याआधी तो आत झाडत असताना कुणीतरी बाहेरून चाचणी सुरू केली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्या वर्षी हा अपघात मोजला गेला, छापला गेला. पुढे ठेकेदाराचं कंत्राट संपलं. या वर्षी आकडे जमवणाऱ्या खात्यानं तो ठेकेदार हिशोबातून काढला. चालू वर्षातून काढला आणि सगळी वर्षं एकसारखी दिसावीत म्हणून मागच्या वर्षांतूनही काढला. तसं करता येतं, पण केलं तर खाली टीप द्यावी लागते. टीप कुणी दिली नाही. तयार तक्ता जननीकडे आला आणि तिनं तो तसाच पानावर बसवला.

"माझा तक्ता होता, अप्पा," ती म्हणाली. "मी दरवर्षी जुना आकडा ताडून पाहते. यंदा पाहिला नाही. मला लवकर संपवायचं होतं. घरी यायचं होतं."

तिनं विभागप्रमुखांना, ओह नावाच्या गृहस्थांना, सांगितलं होतं. ते भले होते. त्यांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की खोटं कुणी लिहिलेलं नाही, मोजणीची व्याप्ती बदलली आहे, पुढच्या वर्षी टीप देऊ. आता दुरुस्ती करायची तर बाहेरच्या ज्या संस्थेनं आकडे तपासून सही केली, तिला पुन्हा बोलवावं लागेल, संचालकांच्या समितीला कळवावं लागेल, ज्या गिऱ्हाइकांनी अहवाल नेला त्यांना पत्रं जातील. पाच-सहा आठवडे लागतील, आणि ते काम जननीलाच करावं लागेल. ओह यांनी निवड तिच्यावर सोडली होती. रजा मंजूर आहे, एवढंच त्यांनी जाता जाता म्हटलं होतं.

"तुम्ही सांगा, मी काय करूं?"

कृष्णमूर्ति खुर्चीतून उठले. मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. नव्या गादीवर दुपारचं ऊन पडलं होतं.

"तू ये," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लिही."

ती "सरी" म्हणाली. त्यांच्या घरात मराठी बोलत आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. बरं म्हणायला जननी घरात कधी हा तमिळ शब्द वापरत नसे. लहानपणी रागावली की मात्र हटकून वापरायची. आता ती रागावलेली वाटली नाही. नुसतीच दमलेली वाटली.

दुसऱ्या दिवशी कृष्णमूर्तींनी पुस्तक पुन्हा उघडलं. ते का उघडलं हे त्यांना सांगता आलं नसतं. या वेळी त्यांनी जननीची वाक्यं शोधली नाहीत. धोक्यांचं प्रकरण ते दरवर्षी ओलांडून जात, कारण त्यात तिचं एकही वाक्य नसे. कंपनीसमोर कोणते धोके आहेत, त्यांतला कोणता मोठा, कोणता मधला, त्यावर काय उपाय योजला, अशा ओळीच ओळी. आज त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. एकसष्टाव्या पानावर त्यांना काचेची खोली सापडली. चाचणीच्या खोलीतली साफसफाई. गेल्या वर्षी हा धोका मोठ्यांत होता आणि खोलीच्या दाराला दुसरं कुलूप बसवायचं ठरलं होतं, म्हणजे आत माणूस असेल तोवर यंत्र चालूच होणार नाही. यंदा हाच धोका मधल्यांत आला होता. कारण दिलं होतं: मागील तीन वर्षांत या कामात एकही अपघात नाही. कुलूप पुढच्या वर्षावर गेलं होतं.

ते पान त्यांनी चार वेळा वाचलं. मग उपरणं खांद्यावर टाकलं आणि चालत अरसलारच्या पुलापर्यंत गेले.

नदीत पाणी होतं. बंधाऱ्याच्या भिंतीला लावलेली मोजपट्टी आता नवी होती, पांढऱ्या-काळ्या खुणांची. त्यांच्या वेळची दगडात कोरलेली होती. एका नोव्हेंबरात, पुराच्या दिवसांत, त्यांच्याकडून तीन मीटर वीसच्या जागी दोन मीटर तीस लिहिलं गेलं होतं. महालक्ष्मी तेव्हा बाळंतपणाला तंजावरला होती आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. आकडा बिनतारी यंत्रावरून वरच्या कचेरीत गेलासुद्धा. अर्ध्या तासानं वही पुन्हा पाहताना चूक दिसली. खाली तिरुनीलक्कुडीकडे शेतांत माणसं होती. त्यांनी वहीतल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, जुना आकडा वाचता येईल अशी, वर बरोबर आकडा लिहिला, सही केली आणि पावसात टेलिफोनपर्यंत पळत गेले. लेखी ताकीद मिळाली. बाळाला पाहायला जायची रजाही आठ दिवस पुढे गेली. ते बाळ म्हणजे जननी. ही गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पुलावर बराच वेळ उभं राहून ते घरी आले. कामाच्या वेळी त्यांनी तिला आजवर कधी फोन केला नव्हता. त्या दिवशी केला. तिनं घाबरूनच उचलला. काय जालं, असं तिनं दोनदा विचारलं.

"कांहीं जालं नाही. मी बरा आहे," ते म्हणाले. "जननी, काल मी जें बोललो तें बापाचं बोलणं नव्हे. घरांत एकटा माणूस आहे, तो बोलला. त्याचं ऐकूं नकोस."

तिच्या मागे माणसांचे आवाज होते. ते हळूहळू मागे पडले. ती जिन्यात आली असावी.

"एकसष्टावं पान काढ," ते म्हणाले. "कुलूप पुढच्या वर्षावर गेलं आहे. त्या खोलींत आतां कोण झाडतं?"

"एक बाई आहेत," जननी म्हणाली. तिनं विचारलं, "मग मला येतां येणार नाही, अप्पा. कळतं ना तुम्हांस?"

"कळतं."

"काल तुम्ही ये म्हणाला, तेव्हां मला फार बरं वाटलं."

महालक्ष्मी असती तर तिला यावर काय बोलावं ते सुचलं असतं. शेवटी जननीनं, आत्याला तुम्हीच सांगा, माझ्यानं सांगवणार नाही, एवढं म्हणून फोन ठेवला. त्या आठवड्यात तिकीट रद्द झालं.

ओह यांनी तिला अडवलं नाही. तिनं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मान हलवली. एकसष्टावं पान त्यांनी स्वतः तपासलं होतं. त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. जननीला याचं वाईट वाटे, कारण तिची आई गेल्याची बातमी आली त्या दिवशी, ती त्यांच्या विभागात नसतानाही, तिला विमानतळावर सोडायला हेच गृहस्थ आले होते.

आडीच्या अठराव्या दिवशी विशालाक्षी सकाळच्या गाडीनं डबे घेऊन आली. जननी येणार नाही हे तिला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, तरी तिनं भात सगळ्यांचा मिळून केला होता. लिंबाचा, चिंचेचा, खोबऱ्याचा, दह्याचा आणि गुळाचा. कमी करायला हात वळला नाही म्हणाली. कावेरीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पाण्याला हळदकुंकू वाहत होत्या, नवी पिवळी सुतं एकमेकींच्या गळ्यात बांधत होत्या. कृष्णमूर्तींनी आणि विशालाक्षीनं एका कोपऱ्यात बसून थोडं खाल्लं आणि उरलेलं शेजारच्या दोन कुटुंबांना वाटलं.

जननी रविवार असूनही कचेरीत होती. तपासणी करणारे लोक आले होते. मधल्या सुट्टीत तिनं फोन केला, चित्र दिसेल असा. आत्या तिच्याशी पुष्कळ बोलली, मिरच्या पोस्टानं पाठवते म्हणाली. मग जननी म्हणाली, "अप्पा, फोन नदीकडे धरा. कांहीं बोलूं नका. नुसता धरा."

त्यांनी धरला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. पाणी गढूळ होतं, चौथ्या पायरीवर आलं होतं, आणि त्यावरून फुलं, पानं, वाहिलेले काळे मणी आणि बांगड्या जात होत्या. फोनच्या काचेवर ऊन पडल्यामुळे त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता. ती पाहते आहे की निघून गेली, हेही कळत नव्हतं. विशालाक्षी डबे आवरून उभी राहिली, तरी ते तसेच बसून राहिले. शेवटी फोन उलटा करून पाहिला तेव्हा ती होती. डोळे पुसून ती म्हणाली, जाते, ते लोक वाट पाहत आहेत.

ऑगस्टच्या शेवटी दुरुस्त अहवाल संकेतस्थळावर चढला. कृष्णमूर्तींनी भारतीकडून दोनच पानं छापून घेतली. एकोणनव्वदाव्या पानावर दोन हा आकडा परत आला होता आणि खाली टीप होती. टीपेत तीन वाक्यं होती, तिन्ही छोटी. जूनमध्ये छापलेला आकडा चुकीचा होता. संपलेल्या कंत्राटाचा एक जखमी कामगार त्यातून वगळला गेला होता. तो इथे पुन्हा मोजला आहे. कृष्णमूर्तींनी पेन्सिल हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. एकसष्टाव्या पानावर धोका पुन्हा मोठ्यांत गेला होता. कुलूप सप्टेंबरात बसणार होतं.

युरोपातल्या एका गिऱ्हाइकानं आठ प्रश्न विचारले आणि मागणी कायम ठेवली. दुसऱ्यानं नवी मागणी तूर्त थांबवली. याचा ठपका कुणावर येईल ते कळत नव्हतं. जननीच्या रजेचं आता पुढच्या वर्षीच पाहू असं ठरलं. हे सांगताना ती फार वेळ थांबली नाही. त्यापेक्षा तिला दुसरंच सांगायचं होतं. ती बेकना भेटून आली होती. एका दवाखान्याच्या आवारात ते आता गाड्यांना जागा दाखवायचं काम करत. अपघात झाला तेव्हा ती रुग्णालयात जायचं म्हणत राहिली आणि गेली नाही, हे तिनं त्यांना सांगितलं. ते छापील पान त्यांना दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी करून तिला परत दिलं आणि विचारलं की ती अजून बाहेरच जेवते का. मग तिला जवळच्या एका खाणावळीत नेऊन, सारात मासळी नाही ना, हे त्यांनी आधी आत जाऊन विचारून घेतलं. डाव्या हातानं ते काड्यांनी सावकाश जेवत होते. आपण दोन वर्षं उशिरा आलो असं तिला वाटत राहिलं.

हा फोन गुरुवारी आला होता. आता ते बुधवार-रविवारचं बंधन राहिलं नव्हतं.

पापनाशमला जाऊन कृष्णमूर्तींनी हे सगळं विशालाक्षीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "अण्णा, तिला येतां येत नाही, तर तूं काय म्हणून जात नाहीस?"

त्यांनी पहिल्यांदा हे हसण्यावारी नेलं. सदुसष्टाव्या वर्षी, तिरुचीच्या पलीकडे फारसं न गेलेला माणूस. पण परतताना आणि नंतर दोन दिवस तो प्रश्न त्यांच्याबरोबर राहिला. तिसऱ्या दिवशी ते भारतीच्या दुकानात गेले आणि पासपोर्टचा अर्ज तिच्याकडून भरून घेतला. तो भरताना भारतीनं बायकोचं नाव विचारलं. ते त्यांनी एकेक अक्षर करून सांगितलं.

ऑक्टोबरात तंजावरच्या पासपोर्ट कचेरीत बोलावणं आलं. विशालाक्षी सोबत आली. खिडकीतल्या मुलीनं बोटांचे ठसे घेतले. दहाही बोटं काचेवर ठेवायची होती. ठेवताना त्यांना त्या कधी न पाहिलेल्या माणसाची आठवण झाली. कुठे जाणार, असं मुलीनं सहज विचारलं. मुलीकडे, ते म्हणाले.

परतीच्या गाडीतून विशालाक्षी पापनाशमला उतरली. डबा जवळजवळ रिकामा होता. बाहेर भातशेतं हिरवी होती आणि पाटाच्या कडेनं बगळे उभे होते. कृष्णमूर्तींनी जननीला फोन लावला आणि कुठून आलो ते सांगितलं. व्हिसाला वेळ लागेल, ती म्हणाली. कदाचित जानेवारी, कदाचित त्याच्याही पुढे. पहिल्या खेपेस नाकारतातही. आणि तिच्याकडे एकच खोली आहे.

"मी जमिनीवर निजेन," ते म्हणाले.

"जमीनच ऊन असते येथें, अप्पा. खालून तापवतात." मग तिनं एकदम विचारलं, "तुमच्या छातीचं माप किती? थंडीचा कोट घ्यायला हवा. येथें आतां स्वस्त मिळेल."

त्यांना माहीत नव्हतं. शिंप्याकडे कपडे शिवायला महालक्ष्मी जुना सदरा घेऊन जायची. तसं त्यांनी सांगितलं. जननी म्हणाली, मग आत्तां मोजा, मी थांबते. डब्यात पलीकडच्या बाकावर एक म्हातारा झोपला होता, बाकी कोणी नव्हतं. कृष्णमूर्तींनी फोन मांडीवर ठेवला, उपरणं छातीभोवती गुंडाळलं, जिथे टोक आलं तिथे चिमटीत धरलं, आणि मग ते बाकावर पसरून विती मोजू लागले. गाडी हलत होती, वीत सरकत होती. ते पुन्हा पहिल्यापासून मोजत होते, आणि जननी फोनवर थांबली होती.